जाहिरातीखालची काळी ओळ

कॅनॉलचा पूल मागं पडला तेव्हा ऊन पाठीवर आलं होतं आणि भाग्यश्रीताईंची चप्पल टाचेला लागायला लागली होती. त्यांनी ती काढली, पिशवीत टाकली आणि अनवाणी चालू लागल्या. मार्गशीर्षातली पौर्णिमा होती. भांडगावहून चौफुल्याजवळच्या बोरमलनाथाला दर पौर्णिमेला चालत जायचा त्यांचा नेम. एरवी त्या एकट्याच असायच्या, आज सोबतीला गौतमी होती. गौतमीच्या हातात नारळ नव्हता, ब्रशांची बादली होती. ती देवाला निघालीच नव्हती. तिला देवळाच्याही पुढं, न्हावऱ्याच्या रस्त्याला, धुरपदाकाकूंच्या घराची भिंत बघायला जायचं होतं.

"एस.टी.नं गेली असतीस की," भाग्यश्रीताई म्हणाल्या.

"एस.टी.त विचार करता येत न्हाई, ताई. शेजारचा माणूस मोठ्यानं काहीतरी लावून बसतो."

रस्त्याच्या कडेनं भिंती लागत होत्या. घरांच्या, गोठ्यांच्या, बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीच्या. एक जांभळी, मग एक पिवळी, मग परत जांभळी. गौतमी वरचं वाचतच नव्हती. ती प्रत्येक भिंतीचा खालचा उजवा कोपरा तेवढा बघायची.

"ही माझी," ती म्हणाली.

"आणि ही?"

"ही यवतच्या पोराची. 'किंमत'मधली वेलांटी बघा, पोटात दुखल्यागत वाकलीय."

भाग्यश्रीताईंना हसू आलं. त्या अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. अंगणवाडीत गौतमी त्यांच्यापाशीच होती, आणि पाटी सोडून भिंतीवर कोळशानं रेघोट्या ओढायची. आता निवृत्तीनंतर ताई तालुक्याच्या साप्ताहिकात अधूनमधून लिहायच्या, इकडच्याच माणसांवर. गौतमीवर लिहायचं त्यांच्या मनात बरेच दिवस होतं. पण गौतमी उभी राहून बोलणारी बाई नव्हती. तिला गाठायचं तर तिच्याबरोबर चालावं लागे.

गौतमी ओव्हाळ. शिरूर आणि दौंड, दोन्ही तालुक्यांत तिला पेंटरीण म्हणतात. बाप भिमा पेंटर. शाळांवरचे सुविचार, दवाखान्यांवरच्या कुटुंबनियोजनाच्या पाट्या, चौदा एप्रिलच्या आधीचे सगळे निळे बोर्ड त्याच्याच हातचे. बापाची शिडी धरता धरता पोरगी अक्षर शिकली. पुढं फ्लेक्स आला आणि या भागातले निम्मे पेंटर टेम्पो चालवायला लागले. भिमा म्हणायचा, थांबा जरा. आणि झालंही तसंच, फक्त ते बघायला भिमा राहिला नाही. खेड्यात फ्लेक्स टिकत नाही. दुसऱ्या रात्री तो कडब्याच्या गंजीवर नाहीतर शेळ्यांच्या छपरावर गेलेला असतो. भिंत कुणाला उचलून नेता येत नाही. म्हणून मोबाईलच्या कंपन्या परत भिंतीवर आल्या आणि गौतमीला काम मिळालं.

बापाची एक रीत मात्र तिनं सोडली नाही. भिंत पुरी झाली की खाली उजव्या कोपऱ्यात अंगठ्याएवढ्या अक्षरात नाव आणि गाव टाकायचं. भिमाच्या काळात साहेब लोक गावात यायचे आणि विचारायचे, हे कुणी लिहिलं? तेव्हा लिहिणारा सापडला पाहिजे, असं भिमाचं म्हणणं. जाहिरातीच्या एजन्सीला हे मुळीच पसंत नव्हतं. कंपनीच्या भिंतीवर पेंटरचं नाव कशाला? गौतमी हो हो म्हणायची, फोटो काढून पाठवायची, आणि फोटो गेल्यावर कोपरा रंगवायची.

कंपन्या दोन. नावं इंग्रजी, आणि गावात ती जो तो आपापल्या जिभेनं म्हणायचा, म्हणून शेवटी लोकांनी रंगावरून नावं पाडली. जांभळे आणि पिवळे. गौतमी दोघांचंही काम करायची. वकील दोन्ही बाजूंचा चालत न्हाई, पेंटर चालतो, असं तिचं सांगणं असे.

जांभळ्या-पिवळ्यांचं भांडण टीव्हीवर रोजचंच झालं होतं. दोघंही म्हणत, देशात नंबर एक आम्हीच. त्यावरून दिल्लीच्या कोर्टात दावे. एकानं दुसऱ्याचा कॅमेरा चोरला म्हणून आणखी एक दावा. एकाचा फोन मंगळवारी निघणार असं कळलं की दुसरा सोमवारीच काढायचा. ही भांडणं भांडगावच्या चहाच्या टपरीवर अशी काही उतरली होती की ग्रामपंचायतीची निवडणूक फिकी पडावी. जांभळावाल्याला पिवळावाल्यानं फोटो पाठवला तर तो म्हणायचा, "फाटका आलाय, परत पाठव." सख्ख्या भावांत जांभळा-पिवळा झाला होता.

आणि मग दिवाळीच्या तोंडावर पाणी आलं.

म्हणजे जांभळ्यांनी पाण्यात पडला तरी चालणारा फोन काढला. एजन्सीचा ज्ञानेश, शिरूरचाच तरुण मुलगा, त्यानं गौतमीला मजकूर पाठवला: 'पडू दे विहिरीत, वाजेल खुशीत.' गौतमीनं वाचून तोंड वाकडं केलं आणि लिहिलं. कविता वाईट असली तरी अक्षर चांगलं काढायला काय हरकत होती? आठवडा गेला नाही तोच पिवळ्यांचाही फोन आला, तोही पाण्यातला. त्यांचा मजकूर: 'बुडाला तरी बोलतो.' शिरूरच्या बाजारपेठेत जांभळ्यांच्या दुकानदारानं दारात काचेची पेटी मांडली, पाणी भरलं, आत फोन सोडला आणि त्यावर दिवसभर गाणी लावून ठेवली. समोरच्या पिवळ्यानं त्याहून मोठी पेटी आणली आणि फोनासोबत दोन मासेही सोडले. बाजाराला आलेली माणसं भाजीच्या पिशव्या खाली ठेवून बघत राहायची. कुणी म्हणालं, मासे समोरच्या फोनाकडं बघतायत, पिवळ्याचं काय खरं नाही.

"तवा मला बी मजा वाटली होती," गौतमी चालता चालता म्हणाली. "खोटं कशाला बोलू. म्हटलं भांडू द्या दोघांना, आपल्याला भिंती मिळत्यात."

"मग धुरपदा आली," भाग्यश्रीताई म्हणाल्या.

"मंग काकू आल्या. तांदळाचा डबा घेऊन."

धुरपदाकाकू न्हावऱ्याच्या रस्त्याच्या कडेला राहतात. घरामागं शेवंतीचा आणि मेथीचा तुकडा. मुलगी पिंकी लातूरला नर्सिंगला, तिचं तोंड रोज संध्याकाळी फोनात बघायचं, हा काकूंचा दिवसाचा शेवट. घराची रस्त्याकडची भिंत त्यांनी जांभळ्यांना दिली होती. बदल्यात सगळ्या घराला रंग मिळाला, आणि भिंत वर्षभर कंपनीची. जुना फोन बिघडला तशा काकू शिरूरला गेल्या. दुकानदार एकेक फोन दाखवायला लागला. काकूंनी सांगितलं, पसारा काढू नको, माझ्या भिंतीवरचा दे.

महिना झाला नाही तोच तो फोन हौदात पडला. कुणीतरी सांगितलं, ओला फोन तांदळात पुरला की सुकतो. काकूंनी पुरला. सुकला, पण उठला नाही. तेव्हा त्या डबा तसाच काखेत मारून भांडगावला गौतमीच्या दारात आल्या.

"गौतमे, हा बघ तुझा फोन."

"माझा कसा, काकू?"

"खाली नाव कुणाचं हाय? कंपनीचा साहेब मी बघितला न्हाई, तुला बघितलंय. तू सांगितलं विहिरीत पडला तरी वाजतो, म्हणून घेतला. विहीर ऱ्हायली लांब, हौदात पडला. पहिल्या दिवशी वाजला बरं का. म्हटलं पोरीचं लिहिणं खरं हाय. तिसऱ्या दिवशी गप."

"दुकानात दाखवला?"

"दाखवला की. तिथल्या पोरानं उघडला. आत म्हणं पांढरा ठिपका असतो, पाणी लागलं की लाल होतो. लाल झाला की गॅरंटी संपली. मी म्हटलं, बाबा, पाणी आत जातच न्हाई तर ठिपका कशाला लावून ठिवलाय? तर तो म्हणतो, मावशी, पुढच्याला येऊ द्या."

गौतमीचा नवरा महेंद्र कुरकुंभला केमिकल कंपनीत शिफ्टला जातो. तो नुकताच कामावरून येऊन दारात बूट काढत बसला होता. त्याला हसू आवरेना.

"काकू, साबणाच्या जाहिरातीत बाई गोरी होऊन दाखवती. मंग आपण त्या बाईला जाऊन धरतो का?"

"साबणाच्या बाईचं गाव ठाऊक हाय का मला?" काकू म्हणाल्या. "हिचं ठाऊक हाय."

गौतमीनं ज्ञानेशला फोन लावला. तो म्हणाला, ताई, तो कस्टमर केअरचा विषय, आपला विषय भिंतीचा. गौतमीनं फोन ठेवला आणि काकूंना चहा दिला. काकूंनी चहा घेतला, डबा तिथंच ठेवला आणि जाताना एवढंच म्हणाल्या, तांदूळ काढून घे, फोन तुला ऱ्हाऊ दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी गौतमी काकूंच्या दारात होती. काकूंनी शिडी धरली. गौतमीनं दोरी मारून रेघ घेतली आणि त्या कवितेच्या खाली, कवितेएवढ्याच अक्षरात, काळ्या रंगानं लिहिलं: 'पाणी गेल्यास गॅरंटी नाही.' आणि त्याच्या खाली आपलं नाव परत गिरवलं, या खेपेला ठळक.

काकू मागं सरून बघत राहिल्या. "एवढंच? शिवी न्हाई लिहिली?"

"शिवी लिहिली तर लोक हसतील आन् ती पुसून टाकतील. खरं लिहिलं तर पुसताना त्यांना लाज वाटंल."

"कुणाला? त्यास्नी?" काकू म्हणाल्या आणि शिडी उचलून ठेवायला गेल्या.

त्या भिंतीचा फोटो कुणी काढला माहीत नाही. संध्याकाळपर्यंत तो शिरूरला पोचला, रात्रीपर्यंत दौंडला. जांभळावाल्यांची तोंडं उतरली. पिवळ्यांना दुसरी दिवाळी आली. दौंडहून पिवळ्यांचा माणूस सावळाराम पेढ्यांचा पुडा घेऊन आला. वयानं मोठा, बोलायला गोड. गौतमी त्याला मामा म्हणायची.

"पोरी, वाघीण हायेस," तो म्हणाला. "आता आमच्या सगळ्या भिंती तुझ्या. दुसऱ्या कुणाला एक फूट देणार न्हाई. फक्त जांभळ्यांच्या जेवढ्या भिंती तू केल्यास, तेवढ्यांवर ही ओळ मारून टाक. रंग आमचा."

"मामा, तुमच्या फोनात ठिपका हाय का?"

"कसला ठिपका?"

"पांढरा."

"आता ती टेक्निकल गोष्ट झाली. तो सगळ्यांच्यात असतो."

"लाल झाला तर गॅरंटी ऱ्हाती का?"

"पेढा घे की," सावळाराम म्हणाला.

गौतमीनं पेढा घेतला आणि महेंद्रच्या हातावर ठेवला. त्या आठवड्यात आपल्या हातच्या जांभळ्या भिंतींवर तिनं ती ओळ घातली आणि पिवळ्यांवरही घातली. रंग स्वतःचा वापरला. 'बुडाला तरी बोलतो,' आणि खाली काळ्यात, 'पाणी गेल्यास गॅरंटी नाही.' टपरीवरच्या जांभळ्या-पिवळ्या पोरांना आता कुणाला चिडवावं हे कळेना. ती नुसती चहा पिऊन घरी जायला लागली.

चौफुल्याची वर्दळ जवळ आली होती. उसाचे ट्रॅक्टर एकामागं एक चालले होते, म्हणून दोघी रस्त्याच्या बाहेरून, बाभळीच्या कडेनं चालत होत्या.

"परवा दोघं आले होते म्हणे," भाग्यश्रीताईंनी विचारलं.

"आले होते. एका मोटारसायकलवर."

ताई थांबल्याच. "कोण, ज्ञानेश आणि सावळाराम?"

"तर. दिल्लीत ह्यांचे वकील एकमेकांचं तोंड बघत न्हाईत. इथं गाडी ज्ञानेशची, मागं सावळाराममामा, आन् मामांच्या मांडीवर दोघांत मिळून एक हेल्मेट."

आले ते ओट्यावर बसले. एकानं दुसऱ्याला पाणी दिलं. ज्ञानेश पोरगा वाईट नव्हता. त्याला हे बोलायला लावलंय, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"ताई, पुसून टाका," तो म्हणाला. "बुधवारपर्यंत. नाहीतर गुरुवारी पुण्याहून पोरं चुना घेऊन येणार आहेत, सगळ्या भिंतींवरची ती ओळ एका दिवसात बुजवायला. सुरुवात धुरपदाकाकूंच्यापासून, कारण फोटो तिथला फिरलाय. आणि त्यानंतर तुम्हाला कुणाचीच भिंत मिळणार नाही. आमची नाही, यांची नाही."

"एक झाला व्हय तुम्ही?"

"ह्या एका विषयात," सावळाराम म्हणाला.

"खोटं काय लिहिलंय तेवढं सांगा. आत्ता उठते आन् पुसते."

"खोटं नाही हो ताई. पण जाहिरातीत असं कोण लिहितं?"

"मंग असं करू. वरचं विहिरीचं तुम्ही पुसा, खालचं मी पुसते. भिंत कोरी. कुणाचं कुणाला देणं न्हाई."

"वरचं कसं पुसणार? वरचं कंपनीचं आहे."

"आन् खालचं माझं हाय."

महेंद्र आत जेवायला बसला होता. आदल्या आठवड्यात तोच बायकोला म्हणाला होता, जाऊ दे, एका ओळीपायी पोटावर पाय कशाला. पण आता तो हात न धुताच बाहेर आला.

"साहेब, आमच्या कुरकुंभला ड्रम भरला की त्याच्यावर लिहावं लागतं. आत काय हाय, हाताला लागलं तर काय, डोळ्यात गेलं तर काय. त्याबिगर ड्रम गेटबाहेर जात न्हाई. तुमचा फोन काय आमच्या ॲसिडाच्या वरचा लागून गेला?"

"तो कायदा आहे, दादा. ही जाहिरात आहे," ज्ञानेश म्हणाला.

"म्हंजी ड्रमला कायदा आन् काकूला कविता," महेंद्र म्हणाला, आणि परत ताटावर जाऊन बसला.

हे ऐकताना भाग्यश्रीताईंना बरं वाटलं, पण काळजी काही गेली नाही. त्या स्पष्ट बोलणाऱ्या बाई. मनात ठेवून चालणं त्यांना जमत नसे.

"गौतमी, मी तुझ्या बाजूची आहे म्हणून बोलते. ओळच आहे ती. उद्या काम गेलं तर महेंद्रच्या एकट्याच्या पगारावर ओढाताण होईल. हट्ट किती करावा, यालाही काही माप असतं."

गौतमीनं बादली या हातातून त्या हातात घेतली.

"काम गेलंच हाय म्हणा, ताई. ज्ञानेश कालपासून फोन उचलत न्हाई. शाळांच्या भिंती हायत, दुकानांच्या पाट्या हायत, पोट कसं बी भरंल. पण ती ओळ मी माझ्या हातानं पुसली ना, तर उद्या मी पुलावर 'पुढे धोका आहे' असं लिहिलं तरी कोण थांबंल? म्हणतील, ही लिहिती आन् पुसती. मला दुसरं काय येतं? अक्षरच येतं."

देऊळ आलं होतं.

गौतमी पायऱ्यांच्या अलीकडं लिंबाच्या सावलीत बसली. ती आत जात नाही, ताई बोलावत नाहीत, आणि या गोष्टीचा दोघींनी कधी खल केलेला नाही. संध्याकाळी विहारात पौर्णिमेची वंदना असते, तिथं गौतमी वेळेवर पोचते, एवढं ताईंना ठाऊक होतं. ताई आत गेल्या. नाथापुढं हात जोडून काही मागायची त्यांना सवय नव्हती. उभं राहायचं, डोळे मिटायचे, निघायचं. आज डोळे मिटल्यावर त्यांना ती काळी ओळच दिसली. देवाला काय सांगावं ते सुचेना. त्यांनी गौतमीचं नाव मनात घेतलं आणि पुढचं त्याच्यावर सोडलं.

बाहेर येऊन त्यांनी खोबऱ्याचा तुकडा पुढं केला. "घे, भूक लागली असेल."

गौतमीनं तो खोबरं म्हणून खाल्ला.

तिथून धुरपदाकाकूंचं घर फार लांब नव्हतं, पण ऊन तापलं होतं आणि ताईंचे तळवे पोळायला लागले होते. त्यांनी चप्पल परत घातली. वळण घेतलं तशी भिंत लांबूनच दिसली. जांभळ्या रंगावर पांढरी कविता, आणि तिच्याखाली ती ओळ. ताईंनी फोटोत बघितली होती, पण भिंतीवरची वेगळीच दिसत होती. अक्षर कुठं चिडलेलं नव्हतं. शाळेच्या दारावर 'सुस्वागतम्' लिहावं तसं, शांतपणे लिहिलेलं. रस्त्यानं जाणारा एक टेम्पोवाला गाडी हळू करून वाचत गेला.

धुरपदाकाकू शेवंतीला पाणी लावून आल्या, पदरानं हात पुसत.

"काल एक जण गाडीवर आला होता," त्यांनी सांगितलं. "फोटो काढला, आन् हे बघ, खडूनं फुली मारून गेला. मी इचारलं काय ते, तर म्हणतो, गुरुवारी सकाळी पोरं येतील, मावशी, दोन तासाचं काम हाय."

ओळीच्या सुरुवातीला, 'पाणी'च्या अलीकडं, वीतभर फुली होती. गौतमीनं ती तळहातानं पुसली. खडू हाताला लागला, तो तिनं ओढणीला पुसला.

"येऊ दे त्यांना," काकू म्हणाल्या. "मी भिंतीच्या आडवी पडते."

"तुम्ही आडव्या पडल्या तर म्हणतील करार मोडला. वर्षभर भिंत त्यांची हाय, काकू. पोलिसात जातील."

"जाऊ दे की."

"मंग पिंकीला काय सांगायचं? आई चौकीत हाय म्हणून?"

भाग्यश्रीताई सावलीला टेकून पाणी पीत होत्या. त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"मी लिहिते ह्यावर," त्या म्हणाल्या. "साप्ताहिकात. सगळं लिहिते, ठिपक्यासकट. कंपनीचं नाव छापणार नाहीत, पण लोकांना कळेल."

"लिहा ना. पण छापून येईस्तोवर ओळीवर चुना बसलेला असंल," गौतमी म्हणाली. "चुन्याखाली काय होतं हे लिहून कोण मानणार?"

तिनं बादली खाली ठेवली आणि भिंतीकडं पाठ करून रस्त्याकडं बघत राहिली. एक ट्रॅक्टर गेला, त्याचा धुरळा बसला. मग ती ताईंच्या समोर उकिडवी बसली. बोलायला ती कधी अडखळत नसे, पण आता जरा अडखळली.

"ताई, एक मागते. न्हाई म्हणालात तरी राग न्हाई."

"बोल."

"येता गुरुवार मार्गशीर्षातला हाय. ज्ञानेशची आई घट मांडती, मला ठाऊक हाय, त्यांच्या घराचा बोर्ड मी केलाय. सावळाराममामांच्या घरात मांडत्यात. चुना मारायला येणाऱ्या पोरांच्या आया बी मांडत असतील. एकदा मांडला की घट दुसऱ्या दिवसापतुर कुणी हलवत न्हाई, व्हय ना?"

"नाही हलवत," भाग्यश्रीताई म्हणाल्या.

"आन् शुक्रवारी आली तर पोरं?" काकूंनी मधेच विचारलं.

"शुक्रवारचं शुक्रवारी बघू, काकू. एक दिवस तरी ती ओळ त्यांच्या डोळ्यांसमोर ऱ्हाऊ दे." ती परत ताईंकडं वळली. "मी हात जोडायची न्हाई, हे तुम्हाला सांगायला नको. काकूंच्या घरात सासूचं वर्ष हाय, त्यांना यंदा मांडता येत न्हाई. तुमची अंगणवाडीतली पोरं आता बाप्ये झालीत, आन् त्यांच्या आया तुमच्या शब्दाला अजून येत्यात. तवा तुमचा घट गुरुवारी घरात नका मांडू, ताई. दिवस उगवायला ह्या भिंतीपाशी मांडा, बायकांना इथंच बोलवा, कहाणी मोठ्यानं वाचा, आन् सगळ्या जणी ओळीला पाठ लावून बसा."